बावीस मुलाखती आणि एकशे चाळीस कोड

माझ्या पहिल्या प्रकल्पात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांच्या 22 मुलाखती होत्या. मुलाखतींच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर उघडलं, फाइली आत ओढल्या आणि दिसेल त्या वाक्याला कोड, म्हणजे त्यातला विषय सांगणारी छोटी चिठ्ठी, लावत सुटले. पाचव्या मुलाखतीपर्यंत 140 कोड झाले. 'झोप', 'अपुरी झोप', 'झोपेचा अभाव', 'दिवसा झोप न लागणं' हे चौघं शेजारीशेजारी नांदत होते आणि कुठला कधी लावायचा हे मलाच आठवेना. सगळं पुसलं. दुसऱ्यांदा ज्या क्रमानं काम केलं, तो सांगते.

साधन कुठलं घ्यायचं यात आठवडे घालवू नका. एनव्हिवो, मॅक्सक्यूडीए, अ‍ॅटलस टीआय ही पैसे मोजायची साधनं. संस्थेकडे परवाना असेल तर वापरा. नसेल तर टॅगेट किंवा क्वालकोडर ही दोन मोफत आणि मुक्तस्रोत आहेत. नुसता मजकूर असेल तर टॅगेट तासाभरात हाताला बसतं. फोटो, आवाज, व्हिडिओही असतील तर क्वालकोडर घ्या. पुढे साधन बदलावंसं वाटलं, तर क्यूडीपीएक्स हा एका साधनातला प्रकल्प दुसऱ्यात नेण्याचा फाइलप्रकार 2019 मध्ये ठरला आहे आणि वरची तिन्ही पैशांची साधनं व क्वालकोडर तो ओळखतात. त्यामुळे पहिली निवड म्हणजे जन्माची गाठ नव्हे.

खरी मेहनत त्याआधीची. मुलाखती युनिकोडमध्येच टाइप झालेल्या हव्यात. जुन्या फॉन्टमधलं देवनागरी दिसायला देवनागरी असतं, आत मात्र रोमन अक्षरं बसलेली असतात. शोध घेतला की हाती शून्य. नावं, वॉर्डचा क्रमांक, ओळख पटेल असं सगळं फाइल आत घेण्यापूर्वीच बदला. टॅगेटमध्ये आत गेलेला मजकूर दुरुस्त करता येत नाही. एका मुलाखतीत सहभागी बाईंच्या मुलाचं नाव राहून गेलं म्हणून मला ती फाइल काढून, सुधारून, कोडिंग पुन्हा करावं लागलं. फाइलींची नावं 'प07_वय40_आयसीयू' अशी ठेवली की पुढे गट पाडणं सोपं जातं.

आता पहिल्या दोन मुलाखती कागदावर छापा आणि पेन्सिलीनं वाचा. हे जुनाट वाटेल, पण पडद्यावर कोड बनवणं इतकं स्वस्त असतं की हात आवरत नाही. कागदावरून मी 19 कोड घेऊन उठले. प्रत्येकाला दोन ओळींची व्याख्या लिहिली: कधी लावायचा आणि कधी नाही. 'उरलेली झोप' हा कोड एका परिचारिकेच्याच शब्दांत ठेवला; तिनं घरकामातून वाचणाऱ्या झोपेला तो शब्द वापरला होता आणि माझ्या 'झोपेचा अभाव'पेक्षा तो कितीतरी नेमका होता.

मग सॉफ्टवेअरमध्ये कोडिंग. उतारा निवडताना मागचंपुढचं वाक्य सोबत घ्या, नाहीतर तीन महिन्यांनी 'तेव्हापासून तर नाहीच' एवढाच तुकडा समोर येतो आणि काय नाही ते कळत नाही. शंका आली की लगेच मेमो, म्हणजे स्वतःसाठीची टीप, लिहा, तारीख घालून. चार-पाच मुलाखती झाल्या की थांबून एकेका कोडखालचे सगळे उतारे सलग वाचा. दोन कोडांचे उतारे सारखेच वाटले तर ते एकत्र करा. एकाच कोडात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या असतील तर फोडा. माझ्या मते अख्ख्या सॉफ्टवेअरचे पैसे या सलग वाचनातच वसूल होतात.

आपोआप शोधून कोड लावण्याच्या सोयीवर मराठीत फार विसंबू नका. 'झोप' शोधलं तर 'झोपेत', 'झोपेचा' सापडतात, हे ठीक. पण एका मुलाखतीतली 'झोपडी'ही त्याच जाळ्यात आली. आणि 'डोळ्याला डोळा लागत नाही' म्हणणारी बाई मात्र निसटली, कारण तिनं झोप हा शब्द उच्चारलाच नव्हता. शब्दांची वारंवारता दाखवणारं रंगीत चित्र तर मी अहवालात कधीच घालत नाही.

आकड्यांचंही तेच. माझ्याकडे 'वरिष्ठांचा धाक' हा कोड 61 ठिकाणी लागला होता. चला, मुख्य थीम, म्हणजे सगळ्या मुलाखतींतलं सूत्र, सापडली, असं वाटलं. मग मुलाखतीवार तक्ता काढला, तर त्यातले 38 एकाच परिचारिकेचे. एकूण उताऱ्यांबरोबर 'किती जणींकडे' हा आकडा पाहाच. तक्त्यातले रिकामे चौकोनही बघा: नव्या परिचारिकांकडे 'सवय झाली' हा कोड एकदाही नव्हता, आणि त्या रिकाम्या चौकोनातून माझं एक प्रकरण निघालं.

हल्ली बऱ्याच साधनांत कृत्रिम बुद्धिमत्तेचं बटण असतं. ते दाबण्याआधी मजकूर कुठल्या सर्व्हरवर जातो ते वाचा आणि सहभागींच्या संमतीपत्रात तसं लिहिलंय का ते तपासा. माझ्या पत्रात नव्हतं, म्हणून मी दाबलं नाही.

शेवटी एका सहकाऱ्याला कोडांच्या व्याख्या आणि कोड न लावलेल्या दोन मुलाखती द्या. माझ्या सहकाऱ्यानं 'उरलेली झोप' चक्क सुट्टीच्या दिवशीच्या झोपेला लावला. चूक त्याची नव्हती, माझी व्याख्या ढिसाळ होती; ती बदलून मी त्या कोडाचे सगळे उतारे पुन्हा तपासले. त्या दिवसाची प्रकल्पाची प्रत तारखेसह वेगळ्या ड्राइव्हवर ठेवली, आणि मगच लिहायला बसले.