कमी वयात आई झालेल्या मुलींसाठी गावातील आयांचा गट कसा उभारावा

विदर्भातील खेड्यांत कमी वयात गरोदर राहिलेल्या मुलीभोवती माणसे पुष्कळ असतात, परंतु तिच्याशी बोलणारे क्वचितच कोणी असते. सासू नर्सबाईंशी बोलते, आई आशाताईंशी बोलते, आणि मुलगी खाली मान घालून ऐकत राहते. अशा मुलींना आधार देण्यासाठी गावातील आयांनी एकत्र यायचे ठरवले, तर मुलीशी थेट बोलणे हेच गटाचे पहिले काम आहे, हे सर्वांनी सुरुवातीलाच मान्य करावे.

गटात पाच-सहा बाया पुरेशा आहेत. बचत गटातून त्या सहज मिळतात, मात्र बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढू नये. हप्त्यांच्या हिशेबात एखाद्या घरची गोष्ट निघाली की ती दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर पोहोचलेली असते. सदस्य निवडताना शिक्षण नंतर पाहावे. जिच्या तोंडून दुसऱ्याच्या घरची गोष्ट आजवर बाहेर पडलेली नाही, ती बाई आधी घ्यावी, आणि सोळा-सतराव्या वर्षी बाळंतपण सोसलेली एखादी मावशी मिळाली तर फारच उत्तम. एका मुलीकडे नेहमी एकाच सदस्याने जावे. पहिल्या भेटीत सासूशी किंवा आईशी आदराने बोलून घ्यावे, कारण त्यांना डावलून मुलीपर्यंत जाता येत नाही. पुढे सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी सुरू असताना घरची माणसे शेतात जातात, तेव्हा तिच्याशी निवांत बोलता येते.

सर्वांत अवघड भाग कायद्याचा आहे. मुलीचे वय १८ पेक्षा कमी असेल, तर लग्न झालेले असो वा नसो, तिच्याशी शरीरसंबंध ठेवणे हा २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) गुन्हा ठरतो, आणि माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हादेखील गुन्हा आहे. म्हणून "मी कोणालाच सांगणार नाही" असे वचन तिला कधीही देऊ नये. तिने मन मोकळे करण्यापूर्वीच, कोणती गोष्ट आपल्याजवळ राहील आणि कोणती कळवावी लागेल, हे सोप्या शब्दांत सांगावे. ऐकून ती त्या दिवशी गप्प बसेल, बसू द्यावे. तिला तिचे हक्कही सांगावेत: जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना घ्यायचा असतो, आणि जिल्ह्याची बाल कल्याण समिती तिच्यासोबत साहाय्यक व्यक्ती देऊ शकते. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मदत मिळते. गर्भ ठेवायचा नसेल तर अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपाताची तरतूद आहे, पण त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते; अशा वेळी गावठी औषधाकडे कोणी वळू नये म्हणून एकही दिवस न दवडता डॉक्टरांकडे न्यावे.

पोलिसांपर्यंत गोष्ट जाईल या भीतीपोटीच अनेक घरी वय वाढवून सांगितले जाते किंवा नोंदणीच टाळली जाते. त्याची किंमत मुलगी मोजते. तिचे शरीर अजून वाढीचे असते. रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका तिला अधिक असतो, आणि खरे वय ठाऊक नसलेल्या डॉक्टरांना ही जोखीम लक्षात येत नाही. म्हणून तपासणीला सोबत जावे व खरे वय सांगण्याचा आग्रह धरावा. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांचा पाठपुरावा करावा. पूर्व विदर्भात आणि मेळघाटात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी चुकवू नये, कारण हा आजार असल्यास गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्या लागतात. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर सूज येणे किंवा अंगावरून रक्त जाणे यांपैकी काहीही दिसल्यास उजाडण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. शासकीय रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियनसह, मोफत असते. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहारही मिळतो.

बाळंतपणानंतर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून घडली, त्यामुळे आपल्या भागाला ती परकी नाही. गटाने या भेटींमधले दिवस सांभाळावेत. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध, ही गोष्ट सासूसमोरच सांगावी. बाळंतिणीच्या ताटात रोज वरण आणि हिरवी भाजी पडते का, हे स्वतः पाहावे. रात्रभर बाळ रडल्यावर मुलगीही रडत असेल, तर दोन तास बाळ सांभाळून तिला झोपू द्यावे. आमच्या मते एवढी मोठी मदत दुसरी नाही.

बाळाचा बाप अनेकदा स्वतःच एकोणीस-वीस वर्षांचा मजूर असतो. त्यालाही बाळ कसे धरावे, लंगोट कसा बदलावा, हे मायेने शिकवावे, मात्र कायद्याच्या बाबतीत त्याच्या बाजूने मध्यस्थी करू नये.

बाळ सहा-सात महिन्यांचे झाले की शाळेचा विषय काढावा. वर्गात परतणे जमत नसेल तर १७ नंबरचा अर्ज भरून दहावी किंवा बारावीची परीक्षा बाहेरून देता येते. अर्जाची मुदत शाळेत आधीच विचारून ठेवावी, शाळा सोडल्याचा दाखला काढून द्यावा, आणि परीक्षेच्या दिवसांत केंद्राबाहेर बाळाला घेऊन कोणी बसायचे, हे गटाने त्याच दिवशी ठरवून टाकावे.