मालगाड्यांखालचे रूळ मोजायला निघण्याआधी

पुण्याहून दौंडच्या बाजूला रुळांची झीज मोजायला जायचं असेल, तर तयारी आदल्या दिवशी कागदांपासून सुरू करा. वळण किती अंशाचं, रूळ कोणत्या साली बसवला, तेव्हापासून त्यावरून किती दशलक्ष टन वाहतूक गेली, हे आधी हातात हवं. टनांचा आकडा नसेल तर मिलिमीटरला अर्थ नाही. ब्लॉकची, म्हणजे त्या मार्गावरची वाहतूक ठरावीक वेळ थांबवण्याची, परवानगी लेखी घ्या. झेंडी आणि शिट्टी घेऊन उभा राहणारा माणूस ठरल्याशिवाय रुळात पाऊल टाकू नका.

पिशवीत प्रोफाइल गेज (रुळाच्या माथ्याचा आकार मोजायचं साधन), तारेचा ब्रश, रंग, रुळाचं तापमान घ्यायचा थर्मामीटर. 60 किलोचा (एका मीटरला 60 किलो वजनाचा) नवा रूळ 172 मिलिमीटर उंच असतो. उभी झीज त्यावरूनच काढायची. वळणावर बाहेरच्या रुळाची बाजूची झीज स्वतंत्र लिहा. मोजलेल्या जागी वेबवर, म्हणजे रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर, रंगाची खूण करा, पुढच्या फेरीला नेमकं तिथंच मोजता आलं पाहिजे.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. झीज कमी दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका. 22.9 टन भार असलेल्या आसाचं (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याचं) एकेक चाक साडेअकरा टनांच्या आसपास भार नखाएवढ्या जागेवर टाकतं, तेही हजारो वेळा. त्यातून रुळाच्या माथ्याच्या आतल्या, म्हणजे गेजच्या बाजूच्या कोपऱ्यावर बारीक तिरक्या चिरा पडतात. झीज वेगानं होत असेल तर त्या चिरा घासून निघतात. रूळ कठीण असेल किंवा ग्रीस चांगलं बसलं असेल तर झीज मंदावते, पण चिरा आत वाढत राहतात. पावसाळ्यात पाणी चिरेत शिरून ती आणखी पसरवतं. म्हणून डाय पेनिट्रंटची (चिरेत शिरून ती उठून दाखवणाऱ्या रंगद्रवाची) बाटली घ्याच. ध्वनिलहरींनी आतले दोष शोधणारं अल्ट्रासॉनिक यंत्र निघण्यापूर्वी प्रमाण तुकड्यावर तपासा, बॅटरी भरा, प्रोबसाठी (लहरी रुळात सोडणाऱ्या भागासाठी) पाण्याची टाकी भरा. शून्य अंशाच्या प्रोबला उभी चीर सापडत नाही, त्यासाठी 70 अंशाचा लागतो. वरच्या चिरांमुळे खालचा दोष झाकला जाऊ शकतो, तेव्हा जिथं प्रतिध्वनी हरवतो ती जागा नोंदवा. थर्मिट वेल्ड (वितळलेलं पोलाद ओतून केलेले रुळांचे सांधे) वेगळे तपासा.

बदललेल्या रुळाचा तुकडा प्रयोगशाळेत न्यायचा असेल तर तो करवतीनं कापा. गॅसनं कापल्यावर उष्णतेनं पोलादाची रचना बदलते, मग कठीणपणाची चाचणी खोटी ठरते. तुकड्यावर गाड्यांची दिशा आणि गेजची बाजू रंगानं लिहूनच तो गाडीत चढवा.