गरम पाण्यावरची वीज वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

हिवाळ्यातल्या वीजबिलाची तक्रार घेऊन कोणी आले, की मी सर्वांत आधी गिझरचे बटण कोण चालू करते आणि कोण बंद करते, एवढेच विचारतो. उत्तर बहुधा एकच असते: सकाळी पहिला उठणारा ते चालू करतो आणि बंद करणे हे कोणाचेच काम नसते. काही घरांत तर ते जाणूनबुजून दिवसभर चालू ठेवतात, कारण ‘निवलेले पाणी पुन्हा तापवायला जास्त वीज लागते’ हा समज पक्का बसलेला असतो. हा समज साफ चुकीचा आहे. टाकी जितकी गरम, तितक्या वेगाने उष्णता बाहेर जाते आणि पाणी निवत गेले की ही गळती मंदावते. त्यामुळे सतत 60 अंशांवर राखलेल्या टाकीत जेवढी उष्णता भरून काढावी लागते, तेवढी बंद ठेवलेल्या टाकीतून कधीच जात नाही. गिझरच्या स्टार लेबलवर 24 तासांचा हा तोटा युनिटांत छापलेला असतो, तो एकदा वाचून पाहावा.

15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर नेण्यास सुमारे 0.7 युनिट लागते आणि 2,000 वॅटची कॉइल ते काम साधारण 21 मिनिटांत करते. त्यात विसण घातले की 40 अंशांचे 30 लिटर पाणी होते, म्हणजे एका माणसाच्या आंघोळीला दीड बादली. तेव्हा पहिल्या आंघोळीच्या 25 मिनिटे आधी गिझर चालू करावा आणि शेवटचा माणूस न्हाणीघरात शिरतानाच बंद करावा. टायमर लावायचा असेल तर तो 16 अँपिअरचाच घ्यावा. 2,000 वॅटचा गिझर जवळपास 9 अँपिअर ओढतो. स्वस्तात मिळाला म्हणून लावलेल्या हलक्या स्मार्ट प्लगच्या पिनांभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेले मी स्वतः हाताळले आहे. इथे पैसे वाचवणे मला मुळीच मान्य नाही.

मात्र सर्वांत महाग चूक उन्हावर पाणी तापवणारा सोलर हीटर असलेल्या घरांत होते आणि ती आमच्याही घरात झाली. पुण्यातल्या आमच्या गच्चीवर 200 लिटरची टाकी आहे आणि तिच्यात ढगाळ दिवसांसाठी 2,000 वॅटची बॅकअप कॉइल आहे. जुलैत पाऊस लागला तेव्हा जिन्यातले तिचे बटण चालू केले आणि ते तसेच राहिले. पुढे स्वच्छ ऊन पडूनही ऑक्टोबरचे बिल उतरेना. मीटर बिघडला असेल, असे घरात सगळे म्हणू लागले. मी रात्री 10 वाजता आणि पहाटे 6 वाजता मीटरचे आकडे वहीत लिहिले, तर फरक 5 युनिटांचा निघाला. दुसऱ्या रात्री जिन्यातले बटण बंद ठेवले, तर जेमतेम 1 युनिटाचा. संध्याकाळी भांडी-आंघोळीला पाणी वापरले की टाकीत तेवढेच गार पाणी शिरते, आणि कॉइल ते रात्रभरात तापवून ठेवते. सकाळी आंघोळी उरकल्यावर पुन्हा गार पाणी येते, तेही ऊन चढायच्या आत कॉइलच तापवू लागते. पॅनेलमधले पाणी टाकीतल्या पाण्याहून गरम असेल तरच ते आपोआप वर चढते, त्यामुळे टाकी आधीच तापलेली असली की सूर्याला करण्यासारखे काही उरत नाही. असे तीन महिने आम्ही उन्हात उभ्या असलेल्या यंत्रणेला वीज पाजत होतो.

तेव्हापासून त्या कॉइलचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) मी खाली पाडूनच ठेवला आहे. ढगाळ दिवशी न्हाणीघरातला 15 लिटरचा गिझर लावतो, कारण चार माणसांच्या आंघोळीसाठी 200 लिटर तापवणे मला पटत नाही. ती टाकी 30 अंशांनी तापवायची म्हणजे 7 युनिटे जातात. ज्यांना कॉइलच वापरायची असेल, त्यांनी संध्याकाळच्या वापरानंतर नव्हे, तर पहाटे नळाला हात लावून पाहून, मगच आणि एखाद्या तासापुरतीच चालू करावी.

बिल कमी व्हावे म्हणून थर्मोस्टॅट 40-45 अंशांवर आणून ठेवू नये. अशा कोमट साठ्यात लेजिओनेलासारखे जंतू वाढतात, म्हणून पाणी 60 अंशांपर्यंत तापवून त्यात विसण घालणेच योग्य. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी असेल तर कॉइलवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तेवढेच पाणी तापायला वेळ वाढतो. मी दर दिवाळीआधी टाकी उघडून कॉइल साफ करून घेतो आणि त्याच वेळी टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेला, झिजलेला मॅग्नेशियमचा रॉड बदलतो.

गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत पाऊण इंची पाइप 20 मीटर असेल, तर त्यात साधारण सहा लिटर पाणी मावते आणि दोन आंघोळींत दीड तासाचे अंतर पडले की ते सगळे निवते. ते गार पाणी आम्ही बादलीत धरून कपड्यांना वापरतो, आणि घरातल्या चौघांच्या आंघोळी साडेसहा ते साडेसात या वेळात पाठोपाठ उरकतो.