साइटवर वेल्डिंग करताना या चुका टाळा

७०१८ या लो हायड्रोजन वेल्डिंग रॉडचा पुडा फोडायचा, मूठभर रॉड प्लेटवर टाकायचे आणि संध्याकाळपर्यंत तेच जाळायचे. साइटवरची सगळ्यात महागडी चूक हीच. लो हायड्रोजन रॉडचं आवरण हवेतला ओलावा शोषतं, आर्कमध्ये त्यातून हायड्रोजन सुटतो आणि जोडात मुरतो. बीड (वेल्डची पट्टी) देखणा दिसतो, स्लॅग (तिच्यावरची कडक साल) सहज सुटतो, त्याच दिवशीच्या डीपी टेस्टमध्येही (रंगद्रव लावून भेगा शोधण्याची तपासणी) काही सापडत नाही. पण फ्लँज (गर्डरची आडवी पट्टी) जाड आणि चहूबाजूंनी जखडलेला असला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बीडच्या कडेला केसाएवढी भेग उमटते. मग गाउजिंग (खराब वेल्ड खोदून काढणं), प्रीहीट (जोड आधी तापवणं), वेल्डिंग, अल्ट्रासॉनिक तपासणी सगळं पुन्हा, तेही मचाणावर लटकून. म्हणून अशा जोडाची शेवटची तपासणी ४८ तासांनीच करावी.

रॉड कंपनीच्या सूचनेप्रमाणे, साधारण ३०० ते ३५० अंशांवर एक-दोन तास भाजा, मग १२० अंशांच्या होल्डिंग ओव्हनमध्ये ठेवा. वेल्डरपाशी पोर्टेबल ओव्हन हवा, आणि तो चालू हवा. पुष्कळदा झाकण उघडं आणि प्लग काढलेला आढळतो. एका वेळी एकच रॉड बाहेर काढायचा. चार तास उघड्यावर राहिलेला रॉड परत भाजायला जातो. पावसात भिजलेला सरळ फेकायचा, त्यात काटकसर नको.

दुसरा प्रकार गॅपचा. फिटअप (तुकड्यांची जुळणी) चुकलं, रूटला म्हणजे जोडाच्या तळाशी ३ मिमीऐवजी १२ मिमी फट राहिली, की घाईतला माणूस त्यात सळईचा तुकडा कोंबतो आणि वरून कॅपिंग (शेवटचा थर) ओढतो. ही चूक नव्हे, लबाडी आहे. सळई खाली वितळतच नाही, भोवती स्लॅग अडकतो आणि सगळा भार वरच्या पातळ थरावर येतो. फट वेल्डिंग कोडच्या मर्यादेत बसत असेल तर एका कडेवर वेल्डने बिल्डअप करा, ग्राइंडरने बेव्हल (तिरकी कड) परत काढा, गॅप गेजने मोजा, मगच रूट रन (तळाचा पहिला थर). मर्यादेबाहेर असेल तर इंजिनिअरला बोलवा.

प्रीहीट बर्नरच्या ज्योतीखाली मोजू नका; जोडापासून ७५ मिमीवर टेम्प स्टिक (ठराविक तापमानाला वितळणारी कांडी) लावा.

अर्थिंग जोडाजवळच, स्वच्छ घासलेल्या जागी. ते लांब लावलं आणि बेअरिंगमधून करंट गेला तर बेअरिंग खराब होतं.

वाऱ्यात आडोशाशिवाय मिग (गॅसच्या आवरणाखालचं तारेचं वेल्डिंग) चालवू नका, गॅस उडून पोरोसिटी (वेल्डमध्ये छिद्रं) ठरलेली.

आर्क प्लेटवर नाही, खाचेतच पेटवा.

लांब सांधा एका टोकाकडून सलग ओढला की गर्डर वाकतो. दोन्ही बाजूंना आळीपाळीने, बॅकस्टेपने (छोटे टप्पे उलट दिशेने ओढत) भरा आणि दर पासनंतर दोरी लावून पाहा.