जुनी रेसिंग फ्रेम कुठली हे ओळखायचंय? स्टिकर विसरा, आटे बघा

जुनी रेसिंग फ्रेम हातात आली की सगळ्यांची नजर आधी स्टिकरवर जाते आणि तिथंच घोळ होतो. कसलंही स्टिकर आज ऑनलाइन मिळतं, रंग तर कुणीही मारून देतं. पण बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे पेडलचा आस जिथं फिरतो तिथले आटे, नळ्यांचे व्यास, मागच्या चाकाची जागा, यांच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. म्हणून मी फ्रेम उलटी करून खालून वर बघत जातो.

हे मी पैसे घालवून शिकलोय. मी इंग्लंडमध्ये राहतो, इथं रविवारी जुन्या सायकली आणि पार्टचे बाजार भरतात, जंबल म्हणतात त्याला. तिथून एक लाल फ्रेम उचलली, तिरक्या नळीवर कोलनागो असं इटालियन कंपनीचं मोठ्ठं नाव, पुढं पत्त्यातल्या किलवरचं चित्र, विकणारा छातीठोकपणे सांगत होता इटालियन आहे म्हणून. घरी आणली, बॉटम ब्रॅकेटचा उजव्या बाजूचा कप, म्हणजे आट्यांनी बसणारी वाटी, खोलायला घेतला. इटालियन असेल तर नेहमीच्या बोल्टसारखा घड्याळाच्या उलट दिशेनं सुटायला पाहिजे. पाना लावला, अंगातलं सगळं बळ लावलं, ढिम्म. रात्रभर तेल सोडून ठेवलं, तरी ढिम्म. मग सहज उलटीकडं जोर दिला तर कट्ट आवाज झाला आणि कप मस्त फिरायला लागला. पोटात गोळाच आला माझ्या. उजवीकडं उलटे आटे म्हणजे ही फ्रेम इटालियन असणं अवघडच!

तर सुरुवात तिथूनच करा. कप काढा, छर्रे सांभाळा, शेल, म्हणजे फ्रेमची ती आडवी नळी जिच्यात कप बसतात, रॉकेल आणि जुन्या टूथब्रशनं स्वच्छ धुवा आणि वर्नियर लावा. शेलची रुंदी ७० मिमी आणि दोन्हीकडं सरळ आटे, व्यास ३६ मिमी, तर इटालियन. रुंदी ६८, उजवीकडं उलटे आटे, व्यास १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे, तर इंग्लिश. यालाच बीएसए आटा म्हणतात, बीएसए म्हणजे तीच बर्मिंगहॅमची कंपनी जिचं नाव आपण लहानपणी बीएसए एसएलआरवर वाचायचो. रुंदी ६८ पण दोन्हीकडं सरळ आटे आणि व्यास ३५ मिमी, एका आट्यापासून दुसरा बरोबर १ मिमीवर, तर फ्रेंच. तेच ३५ मिमीचे आटे पण उजवीकडं उलटे, तर त्याला स्विस आटा म्हणतात, तो मोटोबेकानच्या फ्रेमवर बऱ्याचदा सापडतो, म्हणजे आटा स्विस आणि सायकल फ्रेंच.

१.३७ इंच म्हणजे ३४.८ मिमी, त्यामुळं इंग्लिश आणि स्विस यातला फरक नुसत्या व्यासावरून कळत नाही, आटे मोजायची पट्टी लावा नाहीतर चांगला बीएसए कप हातानं फिरवून बघा. शेवटपर्यंत सहज गेला तर इंग्लिश, दोन-तीन फेऱ्यात अडला तर तिथंच थांबा, पान्यानं रेटू नका, आटे कायमचे जातात. आणि शेल ६८ ची पण आटे इटालियन असं दिसलं तर गोंधळू नका, जुने इंग्लिश आटे खराब झाले की मोठे ३६ चे पाडून घेतात, ही नेहमीची दुरुस्ती आहे.

माझ्या फ्रेममध्ये बीएसए कप हातानं शेवटपर्यंत गेला. तरी एवढ्यावर निकाल देऊ नका, कारण परदेशी गिऱ्हाइकासाठी इटालियन लोकांनी इंग्लिश आटे पाडलेत, इंग्लिश कारागिरांनी इटालियन शेल वापरलेत, आणि ८० च्या दशकात फ्रेंचही हळूहळू इंग्लिश आट्यांवर आले. म्हणून दुसरा पुरावा नळ्यांचा. आडवी दांडी २५.४ मिमी आणि तिरकी नळी २८.६ असेल तर इंच मापाची नळी, ती इंग्लंड, इटली, जपान सगळीकडं चालायची. दांडी २६ आणि तिरकी नळी २८ भरली तर जवळजवळ नक्की फ्रेंच. प्यूजोची पीएक्स-१० ही फ्रेंच रेसिंग सायकल घ्या, रेनॉल्ड्स या इंग्लिश कंपनीची ५३१ नळी, म्हणजे नाव इंग्लिश पण माप फ्रेंच, सीटपोस्ट २६.४ चा आणि हँडलचा स्टेम २२.० चा, २२.२ चा घालायला गेलात तर अडकणारच. रंगाचा थर जाड असेल तर तेवढा वजा धरा बरं का. चांगल्या पातळ नळीच्या इंग्लिश किंवा इटालियन फ्रेमला बहुतेक २७.२ चा सीटपोस्ट बसतो.

आता फोर्क काढा, मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. स्टीयररच्या, म्हणजे फोर्कच्या वर फ्रेममध्ये जाणाऱ्या नळीवर कबुतर ठोकलेलं दिसलं तर नळी मिलानच्या कोलंबसची. खालून टॉर्च मारा, आतून पिळाच्या पाच कडा गोल फिरत वर जाताना दिसल्या तर कोलंबसचीच चांगल्यातली नळी. शेलमधून नळ्यांच्या तोंडात डोकावलं आणि तिथंही तसाच पीळ दिसला तर बहुतेक कोलंबसची एसएलएक्स नळी, म्हणजे ८० च्या दशकातली किंवा नंतरची. पण कोलंबस म्हणजे इटली असं नाही, बेल्जियमचा शर्यतपटू एडी मर्क्सही आपल्या सायकलींना त्याच नळ्या वापरायचा. मागच्या ड्रॉपआउटवर, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या खाचेच्या तुकड्यावर, कॅम्पाग्नोलो हे इटालियन कंपनीचं नाव लिहिलंय म्हणून पण उड्या मारू नका, ते अर्ध्या जगाच्या कारागिरांनी लावलेत. उलट सिम्प्लेक्स किंवा ह्युरे दिसलं तर फ्रान्सकडं बघा, झेउस दिसलं तर स्पेनकडं. शेलखाली एनजेएस ठोकलेलं असेल तर जपानच्या कैरिन शर्यतींची ट्रॅक फ्रेम.

नंबर शेलखाली, सीट लगवर (लग म्हणजे नळ्या जोडणारा तुकडा) किंवा ड्रॉपआउटवर असतो. पुष्कळ इटालियन फ्रेमवर नुसतं ५६ किंवा ५८ असतं आणि लोक ते साल समजतात, अहो ते फ्रेमचं माप आहे! एसबी नं सुरू होणारा नंबर दिसला तर श्वास रोखून नीट बघा, तो इंग्लंडच्या रॅले कंपनीच्या इल्केस्टन गावातल्या खास विभागाचा असू शकतो, तिथं टीआय-रॅले टीमच्या फ्रेम बनायच्या. १९८० ची टूर द फ्रान्स जिंकणारा योप झूटेमेल्क याच टीमचा. आणि हा टीआय म्हणजे ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स, ज्यांच्यासोबत १९४९ ला मद्रासची टीआय सायकल्स सुरू झाली.

काळ ठरवायला मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर मोजा. १२० मिमी म्हणजे पाच गिअरचा जमाना, साधारण ७० च्या दशकापर्यंत, १२६ म्हणजे सहा-सात गिअर, १३० म्हणजे साधारण ९० नंतरची. पण एखाद्यानं फाकवून घेतली असेल हेही लक्षात ठेवा. गिअरच्या केबलची वाट शेलच्या वरून असेल तर जुनी, खालून असेल तर ८० च्या आसपासची किंवा नंतरची. ब्रेकची केबल दांडीला पट्ट्यांनी बांधलेली आणि बाटलीची भोकंच नाहीत तर अजून मागं जा. रेनॉल्ड्स ७५३ चं खरं स्टिकर असेल तर फ्रेम १९७६ च्या आधीची नाहीच, ५३१ मात्र १९३५ पासून आहे, त्यावरून काहीच कळत नाही.

माझी लाल फ्रेम १२० ची निघाली, दांडी २५.४, केबल शेलच्या वरून, बाटलीची भोकं नाहीत. आणि पुढच्या नळीवर बोट फिरवलं तर किलवरच्या खाली दोन बारीक खड्डे लागले, बॅज रिव्हेटनं बसवायची भोकं, पुटी भरून बुजवलेली. माप घेतलं तर शेलच्या मध्यापासून सीट नळीच्या टोकापर्यंत बरोबर साडेबावीस इंच, इंग्लिश कारागिराची सवय, इटालियन लोक सेंटिमीटरमध्ये आणि बहुतेक मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात. सत्तरच्या आसपासची इंग्लिश क्लब रेसर आहे ती, आणि चालवायला इतकी गोड आहे की पैशाचं दुःख मी कधीच विसरलो.

रंग काढायचा असेल तर आधी शेलखालचा नंबर, ड्रॉपआउट, लगची टोकं आणि स्टीयरर यांचे तिरक्या उजेडात फोटो काढून ठेवा, ग्राइंडर तर नंबरच्या जवळपासही नेऊ नका. सीट नळीवरचा थोडा भाग ओल्या पॉलिश पेपरनं एकेक थर हळूहळू घासून बघा, खाली जुना रंग आणि कधीकधी जुन्या अक्षरांच्या कडा दिसतात. माझ्या फ्रेमला लालच्या खाली फिकट निळा निघाला, तेवढा रुपयाएवढा गोल मी तसाच उघडा ठेवलाय, वर नुसतं पारदर्शक लॅकर मारलंय.