कॉपियर पेपर वाकतोय? स्टीमचा व्हॉल्व्ह फिरवण्याआधी या चुका टाळा

जुलै लागला की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या झेरॉक्सवाल्याचा फोन ठरलेला: "साहेब, कागद गुंडाळी होऊन बाहेर पडतोय." पेपर मिलमध्ये लगेच ड्रायरचं, म्हणजे कागद वाळवणाऱ्या गरम सिलिंडरांचं, स्टीम कमी-जास्त होतं. बऱ्याचदा ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असते.

त्याला आधी ट्रेमधला गठ्ठा उलटा करायला सांगा. कागद तरीही त्याच बाजूला वाकला, तर त्याचं मशीन किंवा कागदातला ओलावा तपासायचा. वाकण्याची बाजू बदलली, तर दोष आपल्या कागदाच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा.

मग कागद कोणत्या अक्षाभोवती वाकतोय ते बघा. ए-फोरमधून एक उभी, एक आडवी अशा सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापा, एकावर एक ठेवून एका टोकाला धरा, मग पालथ्या करून पुन्हा धरा. खालची पट्टी वेगळी होऊन जास्त लोंबली, तर ती कागद बनवणाऱ्या मशीनच्या आडव्या दिशेची. गुंडाळीचा अक्ष मशीनच्या दिशेला समांतर असेल, तर ड्रायर आणि साइज प्रेस (कागदावर स्टार्च चढवणारे रोल) बघा. दोन्ही बाजूंना स्टार्च सारखा बसतोय का तेही. कोपऱ्याकडून तिरका पीळ पडत असेल तर स्टीमच्या नादी लागू नका, तो हेडबॉक्समधून (पल्प सोडणाऱ्या पेटीतून) वायरवर, म्हणजे जाळीवर, पडणाऱ्या प्रवाहाचा प्रश्न आहे.

ड्रायरला हात लावायचाच, तर एक गोष्ट नव्या ऑपरेटरला हमखास चकवते: दुहेरी फेल्टच्या (कागद सिलिंडरवर दाबून धरणाऱ्या कापडाच्या) रचनेत वरचे सिलिंडर कागदाच्या खालच्या बाजूला टेकतात. एका वेळी थोडाच बदल करा आणि रीलचा (मशीनच्या शेवटी गुंडाळल्या जाणाऱ्या कागदाचा) नमुना बघूनच पुढचा.

"कडक वाळवला की आक्रसणार नाही" हा गैरसमज महागात पडतो. ओलावा साधारण ५ टक्क्यांच्या आसपास हवा. त्याहून बराच कोरडा कागद पावसाळी हवेत पाणी ओढून कडांना लाटा घेतो. जास्त ओला कॉपियरच्या १८०-२०० अंशांच्या फ्यूजरमध्ये (टोनर चिकटवणाऱ्या गरम भागात) एकदम सुकतो आणि वाकतो.

आपल्याकडे ऊसपट्ट्यात बगॅस (उसाचं चिपाड) वापरणाऱ्यांनी रिफायनिंग, म्हणजे पल्प कुटणं, हलक्या हातानं करावं. हा पल्प मुळातच पाणी सोडायला मंद. जास्त कुटला की तंतू फुगतात आणि वाळताना रुंदीत जोरात आक्रसतात. ड्रायरमध्ये लांबीला ओढ असते, कडांना धरणारं कुणी नसतं, म्हणून तक्रार आली की तो माल डेकलच्या (मशीनवरच्या कागदाच्या पूर्ण रुंदीच्या) कडेचा की मधला, हे आधी विचारा.

रीमच्या वेष्टनात काटकसर नको. लॅमिनेशन फाटलेला रीम शिरोलीच्या गोडाऊनमध्ये पावसाळ्यात पडून राहिला, तर मिलमधली सगळी मेहनत वाया जाते.