भिंतीवर झाड काढण्याआधी

हॉलच्या भिंतीवर पानाफुलांचं मोठं चित्र काढून घ्यायचं मनात असेल, तर आधी रंगाचं सोडा, भिंत तपासा. मुंबईतल्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात; पावसाचा मारा खाणारी पश्चिमेकडची तर जास्तच. दीड फुटी चौकोनी प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस तसंच ठेवा. आतल्या बाजूला थेंब दिसले, तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरून दमट झालं, तर तो हवेचा दमटपणा. पहिल्या बाबतीत गळती बंद केल्याशिवाय ब्रशला हात लावू नका; पोपडे आणि पांढरा खार थेट चित्रातून वर येतो. माझ्या बहिणीकडचा गुलमोहर दुसऱ्याच पावसात असा सोलवटला.

भिंत कोरडी असेल तर प्राइमर, त्यावर ॲक्रिलिक. जुना डिस्टेंपर हाताला खडूसारखा लागत असेल, तर आधी खरवडून काढा. भिंत ऐकतच नसेल तर कॅनव्हास टांगा, मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवा.

विषयाचं म्हणाल, तर नेटवरची तीच ती मॉन्स्टेराची पानं बघून मला कंटाळा आलाय. १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या सीएसएमटीच्या दगडात मोर, माकडं, वेली कोरल्यात. रविवारी सकाळी मान वर करून बघा. आणि खिडकीबाहेरचा बदाम आहेच, गळण्याआधी लालभडक होणाऱ्या पानांचा.